टाळी कुठे, खाली कुठे

राजा रंगमंचावर आला तो चौघांच्या हातांवर. सभागृहाच्या दाराशी रॅम्प होता, नवा, स्टीलच्या कठड्याचा. पण प्रेक्षागृहातून रंगमंचावर जायला सात पायऱ्या, आणि मागून गेलं तर त्याहून अरुंद जिना. म्हणून राजा झालेल्या बारा वर्षांच्या मुलाला व्हीलचेअरसकट उचलून वर ठेवावं लागलं, तेही पडदा उघडा असताना. तेवढ्यावर सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. नाटक अजून सुरू व्हायचं होतं.

आमच्या नानांनी टाळी वाजवली नाही. चाळीस वर्षं मिरजेत तबला शिकवलेला माणूस, टाळी कुठे आणि खाली कुठे याबाबत त्यांचं मत पक्कं असतं. नाटक बसवलं होतं माझ्या आतेबहिणीने. ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत कलाशिक्षिका आहे, पण या नाटकात तिने तीन शाळांची मुलं एकत्र आणली होती. ऐकू न येणारी आठ, न दिसणारी दोन, राजा धरून चाकाच्या खुर्चीवरची दोन, आणि शेजारच्या नेहमीच्या शाळेतली चार. प्रयोग संपवून, मुलांना घरी पोचवून ती रात्री आमच्याकडे आली आणि चहा व्हायच्या आधीच मामा-भाचीचं जुंपलं. मी फारसा मध्ये पडलो नाही. दोनदा पडलो, ते पुढे येईलच.

ताई : मामा, कसं वाटलं? खरं सांगा.

नाना : दुसरा भाग रेंगाळतो. प्रधान उगाच फिरत राहतो, त्याला काही काम दिलेलं नाहीस. आणि शेवटच्या नाचात डावीकडच्या तीन मुली समेवर येत नाहीत.

ताई : दिवसभरात असं बोलणारे तुम्ही पहिले. बाकी सगळ्यांनी डोळे पुसले.

नाना : पुसू देत की. लोकांना भरून आलं तर तुला त्याचा राग का?

ताई : कारण ते नाटकाला रडत नव्हते. राजाचं पहिलं वाक्य विनोदी आहे. एक माणूस हसला नाही. ‘माझं सिंहासन मी बरोबरच घेऊन फिरतो’, असं तो म्हणतो. ते वाक्य त्याने स्वतः सुचवलं होतं, तालमीत आम्ही लोळून हसलो होतो. आणि समोरचे चारशे लोक गंभीर.

नाना : हसायला धीर होत नाही माणसाला. आपण हसलो तर अपंगाला हसलो असं होईल, अशी भीती.

(नाना ‘अपंग’ म्हणतात. सरकार ‘दिव्यांग’ म्हणतं. ताई दोन्ही ऐकून घेते. तिच्या मते मुलांना त्यांच्या नावाने हाक मारली की निम्मा प्रश्न मिटतो. दिव्य वगैरे तिला काही दिसलेलं नाही, गृहपाठ तीही चुकवतातच.)

ताई : मग त्या हसण्याची सवय व्हायला ही मुलं रोजच्या नाटकांत दिसायला हवीत. वर्षातून एकदा, तीन डिसेंबरला, दिव्यांग दिनाच्या शाल-श्रीफळाच्या आधी नाही.

नाना : आता अन्याय करू नकोस. सरकारच्या राज्य नाट्य स्पर्धेत दिव्यांग बालनाट्याचा वेगळा गट आहे. संगीत नाटकाचा वेगळा आहे, संस्कृतचा वेगळा आहे. संस्कृत नाटकाला वेगळं काढलं म्हणून कुणी गळा काढतं का? उलट गट आहे म्हणून तुमच्यासारख्या शाळा नाटकाकडे वळल्या. एरवी कुठल्या मुख्याध्यापकाने तालमीला तास सोडले असते?

ताई : ते खरं आहे. आमच्याकडे स्पर्धेचं नाव काढलं तेव्हाच तास मिळाले. पण मामा, संस्कृत हा नाटकाचा एक प्रकार झाला. संगीत नाटकात पदं असतात म्हणून ते संगीत नाटक. दिव्यांग हा नाटकाचा कुठला प्रकार? आणि बालनाट्य वयाबरोबर संपतं. पुढे काय? नेहमीच्या शाळेतला मुलगा कॉलेजात जातो, एकांकिका करतो, मग एखाद्या हौशी संस्थेत शिरतो. आमचा मुलगा घरी बसतो. त्याची ढाल शाळेच्या काचेच्या कपाटात.

नाना : हौशी संस्थेत जायला त्याला कुणी बंदी केली आहे?

ताई : बंदी कुठली. तालीम तिसऱ्या मजल्यावर असते, एवढंच.

नाना थोडा वेळ बशी फिरवत बसले. मग त्यांनी आनंदवन काढलं. विकास आमट्यांनी उभा केलेला ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंद, त्यात कुष्ठमुक्त, अंध, कर्णबधिर, हातापायांनी अधू असलेले कलावंत. गावोगाव त्यांचे कार्यक्रम झाले. तोही वेगळाच की, मग त्याला तू काय म्हणशील, असा त्यांचा सवाल. ताईने ते नाकारलं नाही. तिला वेगळेपणाची अडचण नव्हतीच. ऐकू न येणारी मुलं आपापसांत खुणांनी बोलायला लागली की जास्त मोकळी होतात, आणि तिथे अडाणी ती एकटीच ठरते, हे ती अनेकदा सांगते. त्यांना त्यांची स्वतःची खोली हवी, पण घरात ती एकच खोली असेल तर तिला कोठडी म्हणतात, असं ती म्हणाली. नानांना हे पटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला.

नाना : ठीक. सगळ्यांना एका वर्गात बसवलं, असं धर. आता मला सांग, ऐकू न येणाऱ्या मुलाला मी तबला काय शिकवू? कलेला इंद्रियं लागतात गं. दया दाखवून सूर लागत नाही. उद्या परीक्षेत त्याला बसवायचं आणि मी मार्क कशाला द्यायचे? हिमतीला?

ताई : आजच्या नाचात झपताल होता. तुम्हीच म्हणालात तीन मुली चुकल्या. म्हणजे पाच बरोबर होत्या. त्या ऐकून आल्या का समेवर?

नाना : मोजून आल्या असतील.

ताई : तुमचे शिष्य काय करतात मग? दोन-तीन-दोन-तीन. पहिल्या मात्रेवर सम, तिसरीवर टाळी, सहावीवर खाली, आठवीवर टाळी. टाळीला हात हातावर, खालीला हात बाजूला. मामा, सगळा ताल तुमच्या पूर्वजांनी आधीच हातांवर आणून ठेवला आहे. तो दिसतो. मला नवं काही शोधावं लागलं नाही. मी फक्त तुमच्यासमोर बसून लहानपणी जे केलं तेच त्यांच्यासमोर बसून केलं.

नाना : हात दिसतो. लय दिसत नाही.

ताई : लय पायात येते. अस्ताद देबू माहीत आहेत तुम्हाला?

नाना : नाचायचे ते पारशी गृहस्थ. गेले ना?

ताई : २०२० च्या डिसेंबरात. त्यांनी कोलकात्याच्या ‘अ‍ॅक्शन प्लेयर्स’मधल्या आणि चेन्नईच्या क्लार्क शाळेतल्या ऐकू न येणाऱ्या मुलामुलींबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. आठवड्याचं शिबिर घेऊन फोटो काढला आणि निघाले, असं नाही. व्यावसायिक नर्तकांकडून करून घ्यावी तशी तालीम करून घेतली. आणि स्कॉटलंडची एव्हलिन ग्लेनी, तालवाद्यं वाजवते, बारा वर्षांची होईतो तिचं ऐकणं जवळजवळ गेलं. ती अनवाणी वाजवते, कंप पायातून घ्यायला.

नाना : एक ग्लेनी. एक सुधा चंद्रन, अपघातात पाय गेला, जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम् नाचली, तिच्यावर सिनेमा निघाला. असली माणसं असतातच, त्यांना कुणी अडवू शकत नाही. पण एका ग्लेनीवरून अभ्यासक्रम ठरत नसतो.

ताई : इथे मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूची. मला त्या गोष्टी आता सांगवत नाहीत. कारण ऐकणारा काय म्हणतो? ती नाचली ना, मग तू का नाही? सात पायऱ्या तशाच राहतात आणि मुलालाच वाटायला लागतं की कमी पडलो तो आपण. मला ग्लेनी नको. मला चौदा वर्षांचा असा मुलगा हवा आहे, जो सुमार तबला वाजवतो, तरी क्लासला येतो, गॅदरिंगला वाजवतो, आणि पुढे सोडून देतो. तुमच्या शंभर शिष्यांतले नव्वद असेच होते की नाही?

नाना : पंच्याण्णव.

(त्यातला एक इथे बसून हे लिहितो आहे.)

ताई : ज्यांना ऐकू येतं त्यांना सुमार असण्याची मुभा आहे. आमच्याने एक तर चमत्कार करायचा, नाही तर फिरकायचंच नाही.

नाना : पण आपल्याकडे न दिसणाऱ्याला कुणी अडवलं, असं म्हणू नकोस. विष्णु दिगंबर पलुसकर कुठले? इथले, कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली, म्हणून गाण्याकडे वळवलं आणि मिरजेला बाळकृष्णबुवांकडे पाठवलं. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज देशभर पोरं प्रवेशिका-मध्यमा-विशारद करतात, ती कुणामुळे?

ताई : मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाने स्वरलेखन रचलं. गाणं गुरूच्या ओसरीवरून उचललं आणि वर्गातल्या फळ्यावर लिहिलं. पण आज त्याच वर्गात न दिसणारी मुलगी येऊन बसली, तर तो फळा तिच्या उपयोगाचा नाही. लेखी पेपरला ती लेखनिक शोधत हिंडते. लुई ब्रेलने १८२९ मध्ये ठिपक्यांच्या लिपीचं पुस्तक काढलं तेव्हा त्याच्या नावातच संगीत होतं. तो स्वतः ऑर्गन वाजवायचा. लिपी झाली तीच मुळी शब्द आणि सूर दोन्ही लिहायला.

नाना : तिला वही कशाला लागते? या मुलांची स्मरणशक्ती दांडगी असते.

ताई : बघा. डोळस शिष्याला दोन वह्या आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग, तिला स्मरणशक्ती. आणि तिला गायचंच नसेल तर? आंधळं पोर दिसलं की लोक ‘सूरदास’ म्हणतात आणि हातात पेटी देतात. माझ्याकडची एक, आजच्या नाटकात वैदू झालेली, तिला चित्र काढायचं असतं.

नाना : न दिसता?

ताई : मी सुतळी चिकटवून रेघा करून देते, त्यावर ती बोटं फिरवते, मग आपली सुतळी लावते. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी आधीपासून एका डोळ्याने जवळजवळ आंधळे, पन्नाशी उलटल्यावर डोळ्याची शस्त्रक्रिया बिघडली आणि दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतरही ते रंगीत कागद कापून चित्रं करत राहिले. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी, त्यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. बघा, मीही चमत्कारच सांगायला लागले. जाऊ द्या. तिची चित्रं चांगली नाहीत अजून. सुतळी फार जाड आहे, दोरा बारीक हवा.

चहा झाला. नानांनी आता हिशेबाचा मुद्दा काढला. शिक्षक असले तरी तीस वर्षं संस्थेचे खजिनदारही होते.

नाना : मला सांग, रंगमंचाला रॅम्प करायचा तर उतार किती लागतो?

ताई : एकास बारा.

नाना : आजचा स्टेज साडेतीन फूट उंच. म्हणजे बेचाळीस फूट लांब रॅम्प. विंगेत तेवढी जागा आहे का? जिल्ह्याच्या गावच्या थिएटरात स्वच्छतागृहात पाणी नसतं, आणि तू बेचाळीस फुटांचं बोलतेस.

ताई : कायदा बोलतो. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, आणि त्याचं २९ वं कलम नुसतं सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून भागणार नाही, काही तरी बंधनकारक हवं. पण तुम्ही म्हणता तेही खरं. मी निकाल वाचून दाखवला म्हणून उद्या विंग लांब होणार नाही. आज चूक माझीच झाली.

नाना : तुझी?

ताई : मी स्टेजवर का गेले? नाटक खाली, जमिनीवर करायला हवं होतं. लोक तीन बाजूंनी बसले असते. मग राजाला कुणी उचललं नसतं, तो आपला आपण आला असता, आणि पहिल्या वाक्याला लोक हसले असते. बारा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर सामानासारखं वर चढवलं आणि मग म्हटलं, हं, आता राजासारखा बोल.

नाना : जमिनीवर नाटक म्हणजे शिस्त गेली. पोरं इकडून तिकडे पळणार. आज तो एक मुलगा दोनदा ओरडत बाहेर गेला आणि आत आला, पाचव्या रांगेतला.

ताई : तो स्वमग्न आहे. त्याचा भाऊ नाटकात होता. अंधार झाला आणि एकदम मोठं संगीत वाजलं की त्याला सहन होत नाही. बाहेर जाऊन, शांत होऊन परत येत होता. त्याच्या आईकडे लोक असे बघत होते की ती तिसऱ्यांदा त्याला घेऊन आतच आली नाही. भावाचा नाच तिने पाहिला नाही. दिवे पूर्ण घालवले नाहीत, आवाज थोडा कमी ठेवला, येणं-जाणं चालेल असं आधी सांगितलं, तर काय बिघडतं? परदेशात असे प्रयोग मुद्दाम लावतात.

नाना : परदेशात काहीही करतील. नाटकाला एक शांतता लागते.

ताई : कधीपासून? तुम्ही मला लहानपणी कोकणात जत्रेला नेलं होतंत. देवळासमोर दशावतार, रात्रभर. मी संकासुराला घाबरून रडले, मग झोपले, मग उठून भजी खाल्ली, मग पुन्हा युद्ध बघितलं. कुणी मला ‘शू’ केलं नाही. म्हातारी माणसं घोंगडी अंथरून आडवी झालेली. संकासुर तर प्रेक्षकांची टिंगल करायचा. कीर्तनात पोरं मांडीवर झोपतात. तमाशाला कधी शांतता होती? काळोखात हात बांधून गप्प बसायचं हे आपण थिएटर बांधायला लागलो तेव्हा शिकलो. आणि आता तेच आपलं शास्त्र झालं.

नाना या मुद्द्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं, ते कोकणातल्या त्या रात्रीत जाऊन आले. ताईचं हे म्हणणं मला आजवर ऐकलेल्या सगळ्या सर्वसमावेशकतेच्या भाषणांपेक्षा वजनदार वाटलं. आपण दार रुंद करायला निघालो की नेहमी नव्या दाराचा खर्च काढतो. जुन्या अंगणाला दारच नव्हतं हे लक्षातही येत नाही. अर्थात अंगणाच्या आठवणी फार गोड करून सांगू नयेत. त्या जत्रेत चाकाची खुर्ची चिखलात रुतली असती, आणि कुणाला तिथे बसू द्यायचं नाही याचे त्या अंगणाचेही नियम होते.

मग थोडा वेळ दोघं सिनेमावर घसरले. सई परांजप्यांच्या ‘स्पर्श’मध्ये नसीरुद्दीन शाह अंध मुख्याध्यापक होतो, मुलं मात्र खरीच अंधशाळेतली. ‘यलो’मध्ये गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली. नानांचं म्हणणं, दुसरा माणूस होणं हाच नटाचा धंदा, आंधळ्याची भूमिका आंधळ्यानेच करायची तर राजाची भूमिका राजानेच करायची का? ताईने हे चटकन मान्य केलं, एका अटीवर. वाहतूक दोन्हीकडून हवी. चाकाच्या खुर्चीवरच्या नटाला ज्या दिवशी नाना फडणवीस करायला मिळेल, त्या दिवशी डोळस नटाने खुशाल आंधळा करावा. नाना म्हणाले, फडणवीस खुर्चीवरून जास्त शोभेल, तो बसूनच राज्य चालवायचा. दोघं हसले. भांडण मिटल्यासारखं वाटलं. आणि मग नाना जे बोलले त्याने मला मध्ये पडावं लागलं.

नाना : मला उगाच कोपऱ्यात घेऊ नकोस. आपल्याच क्लासात एक दृष्टी नसलेला मुलगा होता. फीचा एक पैसा घेतला नाही मी त्याच्याकडून. आणि कधी एका शब्दाने दुखावलं नाही.

हे अगदी खरं आहे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि त्याच्या शेजारी बसायचो. माझं ‘तिरकिट’ पुसट झालं की नानांची तबल्याची हातोडी माझ्या गुडघ्यावर टेकायची, फार जोरात नाही, पण टेकायची. पुन्हा. पुन्हा. दहादा. त्याचं ‘तिरकिट’ माझ्याहून पुसट होतं. त्याला नाना म्हणायचे, ‘छान, छान, चालू दे.’ एकदा जिना उतरताना त्याने माझा दंड धरला होता आणि विचारलं होतं, ‘तुला हातोडी लावतात तेव्हा नेमकं काय चुकलेलं असतं रे?’ मला तेव्हा वाटलं, तो माझी चेष्टा करतोय. तो माझ्या चुकांवरून स्वतःच्या शोधत होता. दिवाळीनंतर तो आला नाही.

हे मी नानांना आजवर सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ताई काही बोलली नाही. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं, पण ती भली आहे.

नाना : (बऱ्याच वेळाने) त्याचा डावा हात चांगला होता. डग्गा घुमायचा. उजवं बोट उचलायचं नाही पुरेसं. सांगायला हवं होतं.

ताई : आज तुम्ही मला सांगितलंत की.

नाना : हं. त्या तीन मुली.

ताई : हो.

नाना : तालमीत यायच्या समेवर?

ताई : बिनचूक. सगळ्यात पक्क्या त्या. म्हणून तर त्यांना कडेला ठेवलं, बघून नाचायची गरज नाही म्हणून.

नाना : मग आज तिघीच का? आणि तिघी एकाच बाजूच्या का? एक चुकली तर समजतं. तिघी मिळून सारख्याच चुकल्या. दर आवर्तनाला अर्धी मात्रा मागे.

ताई : घाबरल्या असतील.

नाना : घाबरलेला माणूस पुढे पळतो, मागे राहत नाही. त्या बाकीच्या मुलींकडे बघून पाय टाकत होत्या. म्हणजे त्यांना काही मिळत नव्हतं. ढोल कुठे ठेवला होता?

ताई : मागे, मध्यभागी, फळ्यांवर. तालमीत ठेवायचो तसाच.

इथे मी दुसऱ्यांदा मध्ये पडलो. नाटकानंतर सत्कार होता आणि पाहुण्यांच्या खुर्च्या रंगमंचाच्या डाव्या अंगाला मांडायच्या होत्या. त्यासाठी संयोजकांनी तिथे लाल गालिचा आधीच अंथरून ठेवला होता. चांगला जाड, खाली आणखी एक सतरंजी. मला आठवलं, कारण पाहुण्यांपैकी एकजण त्यात पाय अडकून पडता पडता वाचले होते.

ताईने कपाळावर हात मारून घेतला. पाच मुली लाकडी फळ्यांवर होत्या, ढोल त्यांच्या तळपायांतून येत होता. तिघी गालिच्यावर. त्यांच्या बाजूला ढोल वाजलाच नव्हता. चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यातल्या एकालाही काही खटकलं नव्हतं. खटकलं ते टाळी न वाजवणाऱ्याला.

ताई : म्हणजे कुणी चुकलंच नाही.

नाना : तू चुकलीस. स्टेज तपासायचं असतं. मी परगावी कार्यक्रमाला जायचो तेव्हा आधी तासभर जाऊन बसायचो, हवेला तबला कसा बोलतो बघायला.

ताई : न दिसणाऱ्या दोघांना मी तासभर आधी नेलं होतं. त्यांनी सगळा सेट हाताने बघितला, पावलं मोजली, सिंहासन, दार, विंग. ऐकू न येणाऱ्यांना न्यायचं सुचलं नाही. त्यांना दिसतं ना, असं वाटलं.

नाना : (थोडं थांबून) आणि शेवटी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवून काय उपयोग? त्यांना कशा कळणार?

ताई : त्यांच्या टाळ्या वेगळ्या असतात. दोन्ही हात वर करायचे आणि पंजे हलवायचे. असे.

नाना : मग आधी सांगायचं नाही का लोकांना! पडद्याआधी एक वाक्य बोलायचं. खालीला हात असाच तर हवेत सोडतात.

ताईने माझ्याकडे बघितलं. नाना उठून आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा, काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग आतूनच हाक आली, तालमीच्या फळ्या कसल्या आहेत म्हणून.

ताई : शाळेच्या जुन्या बाकांच्या! सागवानी!

नाना : (आतून) जाडी?

ताई : इंचभर असेल!

नाना डग्गा घेऊन बाहेर आले. गवसणी काढलेली. डग्गा पायाशी ठेवून त्यांनी त्याच्या खालची चुंबळ ओढून काढली. फाटक्या कापडाची, वर्षानुवर्षं दबून चपटी झालेली. डग्गा लगेच कलंडायला लागला, तो त्यांनी गुडघ्याने अडवला.

नाना : आयुष्यभर ही खाली ठेवली, आवाज जमिनीत जाऊन मरू नये म्हणून. तुझ्या पोरांना तो जमिनीतच हवा. म्हणजे चुंबळ काढायची आणि डग्गा थेट फळीवर ठेवायचा. ढोल नको, ढोलाला नुसता दणका असतो. डग्ग्याला मींड असते, ती कळते का बघू पायाला. बुधवारी येतो. चार वाजता. आणि मी हातोडी आणणार आहे, आधीच सांगतो.

ताई : आणा. पण चुंबळ काढली तर डग्गा लोळेल, मामा.

नाना : लोळणारच. धरायला एक माणूस लागेल. त्या प्रधानाला बसव, नाहीतरी तो नुसता फिरत असतो.